सात खाचांचा दांडा

लांबुळकं पार्सल आलं की ते हेमराजभाऊंचं, हे मला पत्ता न वाचताच कळायचं. मी करडीच्या पोस्टात एकोणीस वर्षं काढली, आणि तसली पार्सलं गावात दुसऱ्या कोणाला आलेली मला आठवत नाहीत. तीन फूट लांब, गोणपाटात शिवलेलं, एका टोकाला फुगीर. पहिलं आलं तेव्हा ते सायकलच्या दांडीला बांधून मी निघालो, तर तलावाच्या पाळीवर बसलेल्या तिघांनी मला अडवलं.

"काय आहे जी एवढं लांब? बंदूक होय काय?"

"मले काय मालूम," मी म्हणालो, आणि खरंच मला माहीत नव्हतं.

हेमराजभाऊंनी माझ्यासमोरच शिवण उसवली. आतून कुदळीसारखी एक वस्तू निघाली, पण कुदळ नव्हे. लाकडी दांडा. त्याच्या माथ्यावर एका बाजूला बगळ्यासारखी लांब चोच, दुसऱ्या बाजूला तळहाताएवढं चपटं पातं. दांड्याच्या पायाला लोखंडी अणकुची.

"बर्फकुऱ्हाड," ते म्हणाले. "पहाड चढताना लागते. पात्यानं बर्फात पायऱ्या खोदायच्या. घसरलो तर चोच रोवून हिच्यावर अंग टाकायचं आणि थांबायचं. ही साठ-सत्तर वर्षांची आहे. आता अशा बनत नाहीत."

आमच्या भंडारा जिल्ह्यात बर्फ दिसतो तो मच्छीबाजारात आणि लग्नाच्या मठ्ठ्यात. त्यामुळे मी मान डोलावली, सही घेतली आणि परत आलो. पुढे मात्र अशी पार्सलं येतच राहिली, आणि हळूहळू मी सही घेतल्यावरही त्यांच्याकडे बसू लागलो.

हेमराज लक्ष्मणराव तितिरमारे. वडील लक्ष्मणराव धानाचे शेतकरी, चार एकर, सगळं तलावाच्या पाण्यावर. हेमराजभाऊ एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती झाले. अक्षर सुरेख होतं म्हणून त्यांना सामानाच्या कोठारावर घेतलं, आणि तीन वर्षांनी बदली झाली ती थेट हिमालयात, जवानांना पहाड चढायला शिकवणाऱ्या एका शाळेच्या कोठारात. तिथे नेगी नावाचे एक गढवाली हवालदार शिकवायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पहिल्याच दिवशी उस्तादांनी चाळीस बर्फकुऱ्हाडी आणि एक पत्र्याचा डबा पुढे ठेवला आणि सांगितलं, दांड्यांना तेल लाव.

हेमराजभाऊंनी डब्याचं झाकण काढलं आणि तसेच बसून राहिले. जवसाचं तेल होतं ते.

आमच्याकडे धान उभं असतानाच, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओल आहे तोवर लाखोळीच्या डाळीचं आणि जवसाचं बी फेकतात. धान निघून जातं, जवस मागे राहतो, निळी फुलं येतात. त्याचं तेल घरोघरी खायला असायचं. "घर सोडून तीन वर्षं झाली होती," हेमराजभाऊ मला सांगत होते. "एवढ्या उंचीवर, थंडीनं बोटं वळत नव्हती, आणि झाकण काढलं तर आमच्या मायच्या हाताचा वास. मी उस्तादांना विचारलं, हे तेल इथं कसं? ते म्हणाले, लाकडाले हेच लागते. पाणी शिरत नाही, दांडा फाटत नाही. मग मी रोज लावत गेलो. कोणी सांगाची गरज पडली नाही."

ते काही मोठे पहाड चढणारे नव्हते. वरच्या तळांवर सामान पोचवायला पाच-सात वेळा बर्फात गेले, तेवढंच. त्यातल्या एका खेपेला पाय सुटला आणि ते उतारावरून पन्नासेक फूट घसरत गेले. उस्तादांनी शिकवलेलं डोक्याला आठवलं नाही, हाताला आठवलं. कुऱ्हाड छातीखाली आली, चोच रुतली आणि ते थांबले. उठून त्यांनी आधी काय पाहिलं, तर दांडा. तडकला नव्हता.

पुढे धातूच्या दांड्याच्या हलक्या कुऱ्हाडी आल्या आणि लाकडी कुऱ्हाडी भंगारात निघाल्या. लिलावात एका भंगारवाल्यानं त्या गठ्ठ्यानं उचलल्या. हेमराजभाऊ सुट्टीच्या दिवशी त्याच्या दुकानी गेले आणि एक परत विकत घेऊन आले. ही त्यांची पहिली. ट्रंकेत मावत नव्हती, म्हणून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा ती वळकटीत बांधलेली होती.

बाकीच्या त्यांनी पत्रं लिहून जमवल्या. देहरादून, मनाली, दार्जिलिंग, अशा गावांतल्या जुन्या सामानाच्या दुकानांचे पत्ते कुठून कुठून मिळवून ते हिंदीत पोस्टकार्डं लिहायचे. लाकडी दांड्याची जुनी बर्फकुऱ्हाड असल्यास कळवावे. त्या सुरेख अक्षरातली शेकडो कार्डं मी शिक्का मारून रवाना केली असतील. दहा पाठवली तर एखाद्याचं उत्तर यायचं. एखादी कुऱ्हाड स्वित्झर्लंडच्या कुठल्याशा खेड्यातल्या लोहाराची निघायची, एखादी ऑस्ट्रियाची, एखादी आपल्याच कुण्या पहाडी कारागिराने त्यावरून बनवलेली. लोखंडावरचा गंजलेला ठसा घासून वाचण्यात त्यांची अख्खी दुपार जायची.

त्यांच्या पत्नी रुखमिणीबाईंना हे पटलं होतं असं नाही. "दुसरीचा नवरा दारू आनते, माहा कुदळी आनते," असं त्या चारचौघींत सांगायच्या, आणि सगळ्या हसल्या की स्वतःही हसायच्या. बरीच वर्षं कुऱ्हाडी धानाच्या कोठीमागे पडून होत्या. एकदा त्यातल्या एकीची अणकुची रुखमिणीबाईंच्या पायाला लागली. तेव्हा त्यांनी दोन दिवस भांडण केलं आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या खोलीची पूर्ण भिंत रिकामी करून दिली. तिथे खुंट्या ठोकून हेमराजभाऊंनी पुढे हळूहळू एकूण तेवीस कुऱ्हाडी टांगल्या. घरात पाय ठेवला की प्रत्येकाचं आधी त्या भिंतीकडेच लक्ष जायचं.

आता मी सांगतो ते दार्जिलिंगहून आलेल्या पार्सलाचं.

ते आलं २०१७ च्या पोळ्याला. नेमकी त्यांची मुलगी रीना घरी आली होती. रीना भंडाऱ्याला रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिने पार्सल उघडता उघडता मोबाइलवर चार-सहा फोटो काढले. कुऱ्हाडीचं लोखंड उत्तम होतं, पण दांडा पार गेलेला. मधोमध उभा चिरलेला, खालून किडीनं पोखरलेला. वरच्या अर्ध्या भागात कुणीतरी चाकूनं सात आडव्या खाचा पाडलेल्या होत्या, बोटाबोटाच्या अंतरावर, आणि सातवीखाली एक बारीकशी फुली.

"हे काय आहे, बाबा?" रीनानं विचारलं.

"असन कोनाचं तरी. बसल्या बसल्या चाकू चालवला असन," हेमराजभाऊ म्हणाले.

तेव्हा त्यांची रीत अशी होती की मोडकी वस्तू आली की नीट करायची. एक तर शेतकरी, त्यात कोठारावरचा माणूस. मोडलेलं हत्यार भिंतीला टांगणं हा त्यांना आळस वाटायचा. आमच्या पोस्टासमोर डोमा सुताराचा ठिय्या आहे. डोमा तिवसाच्या लाकडाचे दांडे करतो. नांगर म्हणा, बैलगाडी म्हणा, कुऱ्हाड म्हणा, आमच्याकडे तिवसासारखं चिवट लाकूड दुसरं नाही. हेमराजभाऊंच्या चार कुऱ्हाडींना डोमानं आधीच नवे दांडे बसवले होते. ही पाचवी. चार दिवसांत काम झालं, जवसाचं तेल पाजलं, कुऱ्हाड भिंतीवर चढली.

जुन्या दांड्याचे दोन तुकडे अंगणात आठवडाभर पडून होते. मग पावसाळी हवेत एके सकाळी सरपण ओलं होतं, म्हणून रुखमिणीबाईंनी ते आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत सारले. बोलण्यासारखं त्यात कोणाला काही दिसलं नव्हतं.

चार वर्षं गेली. रीनानं वडिलांच्या कुऱ्हाडींचे फोटो इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचा तिथे एक गट होता, लोक बघायचे, विचारायचे, हेमराजभाऊंनाही ते आवडायचं. त्यात तिने त्या पोळ्याचे फोटोही टाकले, फाटका दांडा आणि त्यावरच्या खाचा दिसणारे.

एका रविवारी रीना मुद्दाम करडीला आली. तिला दार्जिलिंगहून एका बाईंचा निरोप आला होता. पेमा शेर्पा नाव, निवृत्त शिक्षिका. ही कुऱ्हाड माझ्या वडिलांची आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. वडील मोठमोठ्या मोहिमांत ओझी वाहायचे. ते गेल्यावर भावानं घरातलं जुनं सामान विकलं, त्यात कुऱ्हाड गेली. सात खाचा आणि फुली मी लहानपणापासून पाहत आले आहे, चूक होणार नाही. मला ती परत मागायची नाही, तुम्ही पैसे देऊन घेतली आहे. पण तुमची हरकत नसेल तर एकदा येऊन मला तो दांडा हातात धरायचा आहे. वडील त्या खाचांच्याच जागी धरायचे.

रीनानं वाचून दाखवलं. रुखमिणीबाई पदर तोंडाशी धरून आत गेल्या. हेमराजभाऊ भिंतीकडे बघत बसले.

आठ दिवस त्यांनी उत्तर दिलं नाही. रीनाचा रोज फोन यायचा, बाबा, काय लिहू? ते म्हणायचे, सांगतो. त्यांचं जेवण कमी झालं. बांधीत निंदण चाललं होतं, तिकडेही ते गेले नाहीत. नवव्या दिवशी कुऱ्हाड खांद्यावर टाकून ते डोमाच्या ठिय्यावर आले. पोस्टात गर्दी नव्हती, म्हणून मीही तिथेच जाऊन बसलो.

सगळं ऐकून डोमा म्हणाला, "भाऊ, कायले एवढा जीव जाळता? लोखंड तर तेच आहे ना? फोटू आहे ना? मी फोटू पाहून सात खाचा पाडून देतो. फुली पन मारतो. आठ दिवस चुलीच्या धुरावर टांगा, दांडा असा जुना दिसन का तुम्हीच वळखनार नाही. तिले काय समजन?"

समोरच्या टपरीवरून चहा आला. डोमानं कुऱ्हाड मांडीवर आडवी घेतली आणि हेमराजभाऊंकडे पाहिलं.

"पाड," ते म्हणाले.

डोमा हुशार कारागीर. रीनानं पाठवलेला फोटो उघडून मोबाइल समोर उभा ठेवला आणि त्यानं पटाशी लावली. पहिली खाच पडली. दुसरी. मी पाहत होतो, अगदी तशीच पडत होती, किंचित तिरपी. तिसरी पडली आणि हेमराजभाऊंनी दांड्यावर हात ठेवला.

"राहू दे."

"काहून? बरोबर नाही आली काय?"

"बरोबर आली," ते म्हणाले. "तिच्या बापाले सात खाचा पाडाले किती वर्षं लागली असन, डोमा? आपण चहा थंडा व्हायच्या आत तीन पाडल्या."

डोमानं पटाशी खाली ठेवली. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं, पण तो रागावला नाही. "मी तं तुमच्यासाठीच म्हनत होतो जी," एवढंच म्हणाला.

त्या दुपारी हेमराजभाऊंनी फोन न करता पत्र लिहिलं. फोनवर मला बोलता येणार नाही, असं म्हणाले. हिंदीत, एका पानात, त्याच सुरेख अक्षरात. रजिस्टर करायला माझ्याकडे आणलं तेव्हा पाकीट उघडंच होतं. "वाचून पाहा. काही लपलं तर नाही ना?"

मी वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की दांडा मी बदलला. जुना दांडा माझ्या घरी पाणी तापवायला जळून गेला. खाचा मी पाहिल्या होत्या, पण त्या कोणाच्या, असं विचारावंसं मला वाटलं नाही. नव्या दांड्यावर तीन खाचा आहेत, त्या खोट्या आहेत, माझ्या सांगण्यावरून पाडलेल्या. लोखंड तुमच्या वडिलांचंच आहे. तुम्ही सांगाल तिथे पोचवतो. माफी मागायची माझी हिंमत होत नाही.

"तीन खाचांचं कायले लिहिलं?" मी विचारलं. "त्यांनी तर पाहिल्या पन नाहीत."

"पाहतीन ना. कुऱ्हाड गेली का पाहतीन."

पत्र गेलं. पोचल्याची पावती आली, उत्तर आलं नाही. रीनाच्या मोबाइलवरही काही नाही. भादवा गेला, दसरा-दिवाळी झाली, धान कापणीला आलं. हेमराजभाऊ शेतात जाऊ लागले, पण समोरच्या खोलीत बसणं त्यांनी सोडलं होतं. कोणी आलं तर अंगणात खाट टाकायचे. मी त्या दिवसांत टपालाची थैली उघडली की आधी दार्जिलिंगचा शिक्का शोधायचो.

डिसेंबरात पत्र नाही, फोनच आला. पेमाबाईंचा भाचा नागपूरला नोकरीला होता. त्याच्याकडे त्या आल्या होत्या, आणि बुधवारी करडीला येऊ का, असं विचारत होत्या. रुखमिणीबाईंनी फोन घेतला. त्यांना हिंदी जेमतेम येतं. "आव, आव, खाना इधरच खाना," असं त्या तीन वेळा म्हणाल्या आणि मग फोन ठेवला.

बुधवारी रीना तुमसर रोड स्टेशनवर जाऊन त्यांना घेऊन आली. बुटक्या, गोऱ्या, पासष्टीच्या आसपासच्या बाई. डोक्याला लोकरीची टोपी, जी आमच्या डिसेंबरात त्यांना दहा मिनिटांत काढावी लागली. रुखमिणीबाईंनी मलाही बोलावलं होतं. घरात एखादा बाहेरचा माणूस असला म्हणजे बरं, असं त्यांना वाटलं असावं.

पेमाबाई समोरच्या खोलीत आल्या आणि भिंतीजवळ उभ्या राहिल्या. एकेक कुऱ्हाड बघत पुढे सरकल्या. आपली त्यांनी स्वतःच ओळखली आणि खुंटीवरून उतरवून घेतली. दांड्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. चपट्या पात्यावरून अंगठा फिरवला, एका कोपऱ्यापाशी थांबवला. तिथे पात्याचा तुकडा उडालेला होता. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यात विशेष असं काही वाटलं नव्हतं.

"हे आमच्या घराचं," त्या हिंदीत म्हणाल्या. "घराचा पाया खोदताना एक दगड लागला होता. बाबांनी याच्यानंच फोडायला घेतला. आईनं पंधरा दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, पोटाचं हत्यार दगडावर मारलं म्हणून."

मग त्या खाली बसल्या. हेमराजभाऊ दारातच उभे होते. त्यांनी कसंबसं विचारलं, "त्या खाचा कशाच्या होत्या?"

"मला वाटायचं, चढलेल्या शिखरांच्या," पेमाबाई म्हणाल्या. "आई म्हणायची, परत न आलेल्या सोबत्यांच्या. आणि बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, काही नाही, पकड चांगली बसते." त्या थोडं हसल्या. "तिघांपैकी खरं कोण, ते सांगायला आता कोणी नाही. तुमचं पत्र वाचून महिनाभर मला फार राग होता. तुमचा नाही म्हणणार मी, पण राग होता. मग भाऊ आठवला. त्यानं तर विकलीच होती. आणि मी त्याच घरात राहत होते, मला चार महिने कळलं नाही."

थोड्या वेळानं त्यांनी रुखमिणीबाईंना विचारलं, "कुठे जाळला?"

रुखमिणीबाईंचा चेहरा उतरला. पण त्या उठल्या आणि पेमाबाईंना मागच्या अंगणात घेऊन गेल्या. आम्ही मागोमाग गेलो. न्हाणीच्या बाहेर तीन दगडांची चूल, त्यावर काळं पडलेलं तांब्याचं गुंड. सकाळची राख तशीच होती. पेमाबाई चुलीपुढे उकिडव्या बसल्या. रुखमिणीबाईही त्यांच्या शेजारी बसल्या, आणि आपल्या मोडक्या हिंदीत सांगू लागल्या की त्या दिवशी लकडी गिल्ली थी, पाऊस था, मेरे को मालूम नहीं था.

"पाणी तापलं होतं का नीट?" पेमाबाईंनी विचारलं.

"हो. मस्त तापलं होतं."

पेमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी त्या हसत होत्या. "बाबांना जन्मभर थंडी वाजायची," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं, आम्हाला थंडी वाजत नाही. आंघोळीला गरम पाणी मिळालं की ते दिवसभर खुशीत असायचे."

रुखमिणीबाईंनी त्यांचा हात धरला. तसाच धरून त्या दोघी बराच वेळ बसल्या. चहाही तिथेच दिला रीनानं.

जेवायला तलावातले झिंगे होते, भात होता, जवसाची चटणी होती. जेवण झाल्यावर डोमा आला. तो येणार नव्हता, त्याला मीच ओढून आणलं होतं. हात जोडून तो म्हणाला की बाईंना पाहिजे तर दांडा बदलून देतो, बिनखाचांचा, आजच्या आज. पेमाबाईंनी कुऱ्हाड उभी धरून जमिनीवर आपटून पाहिली. कुठलं लाकूड म्हणून विचारलं. तिवस म्हटल्यावर डोमाला इतका उत्साह आला की तिवस जंगलात कसा ओळखायचा, कधी तोडायचा, किती दिवस पाण्यात ठेवायचा, हे सगळं त्यानं सांगून टाकलं. रीना हिंदी करून सांगत होती.

"असू दे हाच," पेमाबाई म्हणाल्या. "मजबूत आहे. बाबांना आवडला असता."

कुऱ्हाड त्या घेऊन गेल्या. हेमराजभाऊंनी ती आपल्या हातानं गोणपाटात शिवून दिली, आणि रुखमिणीबाईंनी जवसाच्या तेलाची बाटली सोबत बांधली. निघताना पेमाबाई हेमराजभाऊंना म्हणाल्या, "बाकीच्यांना विचारलंत का, त्या कोणाच्या आहेत?"

त्यांनी विचारलं नव्हतं. म्हणजे कुठल्या देशाची, कुठल्या लोहाराची, कुठल्या सालची, हे सगळं त्यांना पाठ होतं. कोणाच्या हातातली, हे एकीचंही माहीत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून पोस्टकार्डांचा गठ्ठा नेला. ज्या ज्या दुकानदारानं कुऱ्हाड दिली होती, त्या प्रत्येकाला लिहिलं, ही तुमच्याकडे कुठून आली? बरेच दुकानदार मेलेले, बरेच विसरलेले. पण काहींची उत्तरं आली. एकानं कळवलं, आमच्याच गल्लीतल्या एका गाइडची, त्याला दोन मुली आहेत. एकानं लिहिलं, मिशनच्या शाळेतल्या मास्तरची. हेमराजभाऊ एका वहीत प्रत्येक कुऱ्हाडीसाठी दोन पानं सोडतात आणि कळेल तसं लिहितात. डोमानं ज्या चार बदलल्या होत्या, त्यांच्या दांड्यांना त्यांनी कापडी पट्टी बांधून त्यावर लिहिलं: दांडा नवा, डोमा, करडी. डोमाला आधी ती नाचक्की वाटली. आता तो पाहुण्यांना ती पट्टी वाचून दाखवतो. गेल्या तीन वर्षांत आणखी दोन कुऱ्हाडी भिंतीवरून उतरून आपापल्या घरी गेल्या. त्यातली मनालीची एक द्यायला हेमराजभाऊ आणि रुखमिणीबाई दोघं गेले होते. भिंतीवर आता वीस आहेत.

आता फुटलेला दांडा आला तर ते तो सुतळीनं बांधून तसाच टांगतात.

मी दीड वर्षापूर्वी निवृत्त झालो, पण संध्याकाळी त्यांच्याकडे जाणं सुटलेलं नाही. मागच्या महिन्यात बसलो होतो तेव्हा बपेऱ्याहून भैय्याजी नावाचे एक गृहस्थ मोटारसायकलवर आले. साठीचे शेतकरी, पांढरी टोपी, मागे चादरीत गुंडाळलेलं काहीतरी बांधलेलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की करडीला एक मिलिटरीवाले जुन्या कुदळी जमवतात, आणि पहाडावरच्या कुदळीला फार मोल असतं.

हेमराजभाऊंनी चादर उलगडली. दोन्हीकडे टोक असलेली जड कुदळ होती. तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत पूर्वी वापरायचे तसली.

"ही पहाडावरची नाही जी," ते म्हणाले. "खानीतली आहे."

भैय्याजींचा चेहरा पडला. एवढ्या लांबून आले होते. "माह्या काकाची होय," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं नाही कधी कुठली ते. मले वाटलं, असन काही मोठी."

"काका खानीत होते काय?"

"होते ना. पंचवीस वर्षं. हिरालाल नाव. गेल्या चैतात वारले."

"बसा," हेमराजभाऊ म्हणाले आणि आत रुखमिणीबाईंना चहाचं सांगितलं. मग वही उघडून त्यांनी कोरं पान काढलं, वर तारीख टाकली आणि चष्मा नाकावर घेतला. "हं. कोणत्या खानीत होते? उजव्या हातानं चालवायचे का डाव्या?"

भैय्याजी आधी गोंधळले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगू लागले. काका डावरे होते. खाणीतून आले की आधी अंगणातल्या गाईशी बोलायचे, मग घरात यायचे. चहा झाला, दुसरा झाला. कुदळ दोघांच्या मध्ये खाटेवर पडून होती. दिवेलागणीच्या आधी पोचायला पाहिजे असं दोनदा म्हणूनही भैय्याजी काकांच्या लग्नाकडे वळले तेव्हा मी उठलो, चपला घातल्या आणि घरी आलो.